गार पाणी

दवाखान्याच्या तळघरात चादरी धुते म्हणून सगळे तिला धुलाईवाली म्हणत. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात घालायचा, गरम लागलं की तो जन्माचा बसतो, हे तिला झोपेतही पाठ. नवरा मेला, पण त्याच्या पट्ट्याने तिचा पिच्छा सोडला नव्हता. पेशंटच्या विजारीत राहिलेलं बक्कल मशीनमध्ये खणखणलं की ती भिंतीला टेकायची आणि साबणाच्या पिंपामागची बाटली तोंडाला लावायची. एकदा भर रस्त्यात पडली, तेव्हा थोरल्या बहिणीने तिची नऊ वर्षांची पोर उचलून नेली. म्हणाली, "वर्षभर शुद्धीत राहून दाखव, मग ने."

व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंनी तिला शिकवलं, मन उसळलं की श्वास मोजायचे, वीसपर्यंत. लाट ओसरते. मग कुणाजवळ तरी बोलायचं, रडायचं. हे शेवटचं तिने नेमकं कानाआड केलं. राग आला, गार पाणी. रडू आलं, गार पाणी. डागाचं औषध या शहाणीने जिवाला लावलं! दर रविवारी पोरीला भेटायची तेही ताठ बसून, हात मांडीखाली दाबून. हात थरथरले की बहीण म्हणणार, पिऊन आली. पण वर्ष निघालं, एक थेंब नाही. बोलायला सोपं आहे, करून बघावं कुणी.

वर्ष भरलं त्या दुपारी ती पोरीसाठी नवी चादर घेऊन गेली. दारात पोरीची पिशवी भरून ठेवलेली. पोर आतून धावत आली आणि कमरेला बिलगली. तेवढ्यात बहिणीच्या नवऱ्याने आतल्या खोलीत कपडे बदलताना पट्टा खुर्चीवर टाकला. बक्कल वाजलं.

तिच्या हातांना कापरं भरलं. बहिणीला ते दिसलं तर सगळंच मुसळ केरात, म्हणून तिने हात पाठीमागे आवळून धरले, चेहरा कोरा केला आणि मोजायला लागली. एक. दोन.

"आई?" पोरीने मान वर केली.

सात. आठ.

"बघा, कशी ढिम्म उभी आहे!" बहीण म्हणाली. "अगं, लेकरू बिलगलंय तुला!"

तेरा. पोरीने मिठी सोडली आणि मावशीमागे जाऊन उभी राहिली.

"मावशी, मी इथेच राहते. आई प्यायची ना, तेव्हा मला कुशीत घेऊन रडायची तरी."

वीसला लाट ओसरली. तिने हात पुढे काढले, ते अगदी स्थिर होते. बहीण पिशवी आणि पोरीला घेऊन आत गेली होती. चादर दारातच ठेवून ती कामावर परतली. त्या दिवशीही तिने बाटली तोंडाला लावली नाही. शाबास म्हणायला कुणी नव्हतं.