कुड्याच्या लेण्यातला नारळ

दोन हजार पाचच्या आसपास वडील आणि त्यांचे एक मित्र यांनी मिळून दोन घरांची सहल ठरवली. दोघे अंबरनाथच्या एकाच कारखान्यात होते. मित्र बदलापुरात बेलवलीला राहायचे, आम्ही हेंद्रेपाड्यात. जाताना मुरुडचा समुद्र मित्रांच्या आवडीचा, येताना कुड्याची बौद्ध लेणी वडिलांच्या. तिथल्या बुद्धमूर्तीसमोर उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हणायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. आजीचं ते राहून गेलं होतं. पिशवीत इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि मेणबत्त्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

उल्हासनगरहून भाड्याची सुमो आली. जायचं होतं कर्जतकडे, पण मित्र म्हणाले, आधी अंबरनाथचं शिवमंदिर.

"साब, उलटा पडेगा," ड्रायव्हर म्हणाला.

"पडू दे रे. एवढं जुनं देऊळ दाराशी, त्याला न सांगता निघायचं?"

सगळे आत गेले. वडील म्हणाले, "मी चपला सांभाळतो." वाटेत आणखी दोन देवळं झाली. तिथेही त्यांनी चपलाच सांभाळल्या.

"तुझ्यासारखा राखणदार पगार देऊनही मिळायचा नाही," मित्र म्हणाले. वडील हसले. आपण देवळात का येत नाही, हे त्यांनी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. मित्रांनी विचारलं नव्हतं. मैत्री त्यावर टिकली होती.

मुरुडचा समुद्र छान होता. तिथे ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला.

कुड्याला गाडी पायथ्याशी थांबली. वडील शर्ट बदलायला मागे राहिले, मी त्यांच्याबरोबर. बाकीचे पुढे गेले. आम्ही वर पोचलो तेव्हा लेण्याच्या तोंडाशी असलेल्या दगडी हत्तींच्या मागून नारळ फुटल्याचा आवाज आला.

आत बुद्धाच्या कपाळाला कुंकू लावलेलं होतं. पायांवरून नारळाचं पाणी ओघळत होतं. मित्र मुलीला सांगत होते, "पांडवांनी एका रात्रीत कोरलंय हे सगळं."

"या भाऊजी," मित्रांची बायको म्हणाली. "सकाळपासून आमचेच देव झाले. हा नारळ तुमच्या देवासाठी मुद्दाम राखून ठेवला होता." त्यांनी खोबऱ्याचा तुकडा पुढे केला.

वडिलांच्या हातात मेणबत्त्या होत्या. "वहिनी, बुद्ध देव नाही. त्याला नारळ फोडत नाहीत."

"अरे, प्रेमानेच केलं ना तिने?" मित्र म्हणाले. "फिरायला आलोय. इथे तरी तुमचं ते नको."

"आमचं कुठलं?"

मित्र दुसरीकडे बघू लागले. वहिनींचे डोळे भरून आले. मग त्यांची समजूत काढावी लागली, आणि ती वडिलांनीच काढली. शेवटी त्यांनी तो तुकडा घेतला आणि मूर्तीसमोर उभं राहून खाल्ला. मेणबत्त्या खिशात गेल्या. वंदना झाली नाही. "उशीर होतोय," म्हणत सगळे उतरले.

वडील पुन्हा कुड्याला गेले नाहीत. निवृत्तीपर्यंत दोघे कारखान्यात एकत्र जेवत. वडील वारले तेव्हा वहिनी सगळ्यांच्या आधी आल्या. आईजवळ बसून त्या बायकांना सांगत होत्या, "फार सरळ माणूस. माझ्या हातचा प्रसाद कधी नाकारला नाही. लेण्यातसुद्धा घेतला."

आईने मान डोलावली.