खालची फाइल, वरचा प्रिंटर

मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळं झालं आणि त्यानंतर कितीतरी महिने बाबांच्या ऑफिसात कामापेक्षा यादीचीच चर्चा जास्त चालली. कोण भोपाळच्या सरकारकडे राहणार आणि कोण रायपूरला जाणार, त्याची यादी. बाबांचं नाव रायपूरच्या बाजूला निघालं. यादीतल्या प्रत्येकाने जायला तयार आहे की नाही ते लेखी कळवायचं होतं, आणि सोमवार शेवटचा दिवस होता.

"मी लिहिलंय," एवढंच बाबा म्हणाले. काय लिहिलंय ते आम्ही कोणी विचारलं नाही. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातलं घर, दादाचं कॉलेज, माझं बारावीचं वर्ष. नाही म्हणण्यापलीकडे ते काही लिहितील असं मनातच आलं नाही.

आईला मात्र चैन नव्हतं. ती नया बाजारातल्या दुकानांतून रिकामी खोकी मागून आणायची, माळ्यावरची भांडी त्यांत भरायची, आणि दोन दिवसांनी तीच भांडी काढून परत माळ्यावर ठेवायची. खोक्यावर काय लिहायचं म्हणून ती माझ्याकडे पेन मागायची आणि मग काहीच न लिहिता परत करायची.

अर्जाची फाइल बाबांच्या कॉम्प्युटरवर होती. तो खाली, पुढच्या खोलीत. बाबांनी टायपिंगसाठी जुना विकत घेतलेला, आणि त्यात फ्लॉपी घातली की आत जायची पण वाचली जायची नाही. प्रिंटर दादाचा, वरच्या खोलीत, त्याच्या नव्या कॉम्प्युटरला जोडलेला. तो प्रिंटर खाली आणून पाहिला, पण बाबांच्या मशीनला तो ओळखूच येईना. तेव्हा दादाने ठरवलं की दोन्ही कॉम्प्युटर केबलने जोडायचे. सिटी सेंटरच्या दुकानातून त्याने आणलेली पहिली केबल चाललीच नाही. तो ती बदलून आला.

"सीधी नाही, क्रॉस केबल लागते म्हणे," तो म्हणाला. "दोघांना सीधे जोडायचं तर सीधी चालत नाही. बोल अब."

केबल जिन्याच्या कठड्यावरून खाली आली. रविवारी दुपारी जेवून बाबा ऑफिसातल्या कोणाकडे तरी गेले. जाताना म्हणाले, "पाचला येतो. तोवर प्रिंट निघेल असं करून ठेवा."

दादा वर बसला, मी खाली. पडद्यावरचं इंग्रजी वाचायचं काम माझं, कारण दादाला सूचना वाचायचा कंटाळा होता. दोन्ही कॉम्प्युटरना नावं द्यावी लागली. दादाने एकाला 'ऊपर' ठेवलं, दुसऱ्याला 'नीचे', आणि दोघांच्या गटाचं नाव 'घर'. मग तो वरून ओरडायचा, "दिखा क्या?" मला ओरडून उत्तर देता येत नाही. लहानपणापासून येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी मी जिना चढून जायची आणि "नाही" असं सांगून उतरायची.

"अगं, तुझ्यापेक्षा कबूतर बरं," दादा म्हणाला.

अडचण एवढीच होती की खालच्या मशीनवरचं काय वर दिसू द्यायचं ते मी सांगितलंच नव्हतं. बाबांचे फोल्डर उघडून हवं ते शोधणं मला बरं वाटेना. मी स्वतःच्या वहीलाही हात लावू देत नाही, तर त्यांचे कागद कशाला चाळायचे? म्हणून मी काहीच न उघडता अख्खी डिस्क शेअर केली. पासवर्डची जागा रिकामी सोडली. न बघण्यासाठी म्हणून केलेल्या गोष्टीने सगळंच उघडं पडलं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

वर गेले तर दादा खुर्चीत हात वर करून बसला होता. बाबांच्या फायलींची रांग त्याच्या पडद्यावर. सगळ्यात ताजी फाइल इंग्रजी अक्षरांत, AAPATTI. हाच अर्ज. दादाने ती उघडली आणि हसायलाच लागला. पानभर इंग्रजी अक्षरं, तिरक्या रेघा, कंस, डॉलरची चिन्हं. बाबांचा हिंदी फॉन्ट वरच्या मशीनवर नव्हता. मी तो खालून वर कॉपी केला. दादा म्हणाला, "तू बघ, मी केबल बांधतो, नाहीतर आई पडेल," आणि सुतळी घेऊन जिन्यात गेला.

मी फाइल पुन्हा उघडली. आता ती नीट हिंदीत होती. आई चहा घेऊन माझ्या मागे कधी उभी राहिली ते कळलं नाही. पडद्यावर बोट ठेवून ती एकेक शब्द वाचत होती.

"मुझे... रायपुर भेजे जाने पर... कोई आपत्ति नहीं है."

मग ती थांबली. "आपत्ती नाही. संकट टळलं म्हण की गं!"

आई सांगलीची. ग्वाल्हेरला वीस वर्षं काढली तरी तिची हिंदी भाजीवाल्यापुरती. आणि बाजारात आपत्ति कोण म्हणतं? तो ऑफिसचा शब्द. तिथे त्याचा अर्थ संकट नसतो.

मी म्हणाले, "चहा गार होतोय."

ती खाली गेली. सांगलीला मामाला फोन लावते म्हणाली. मी बसून राहिले. कप हातात घेतला, ठेवला. पुन्हा तेच वाक्य वाचलं, वाटलं माझंच काही चुकत असेल. खालून नंबर फिरवल्याचा आवाज आला. मी उठले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच ओरडले, "आई, फोन ठेव!"

दादाच्या हातातली सुतळी सुटली. माझा एवढा आवाज त्यानेही ऐकला नव्हता.

आईने फोन ठेवला. "काय झालं?"

"त्याचा अर्थ तसा नाही. आपत्ति म्हणजे हरकत. बाबांनी लिहिलंय, हरकत नाही. जायला."

आईने खोक्यांपैकी एक पायाने सरकवलं, मग वाकून परत जागेवर ठेवलं.

बाबा पाचच्या आधीच आले. चपला काढत होते तेव्हाच आई म्हणाली, "मला हरकत आहे."

"कशाला?"

"तुमच्या अर्जाला."

बाबांनी आधी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "मी अख्खी डिस्क शेअर केली, बाबा. चुकून."

ते चिडले नाहीत. कॉटवर बसले. "इथे बढतीला माझ्यापुढे खूप जण आहेत. ज्या खुर्चीत आहे तिच्यातूनच रिटायर होईन. तिथे सगळं नव्याने मांडतायत."

"आणि आम्हाला कुठे मांडणार? भांडी आहोत का आम्ही?"

"तू रोज खोकी भरत होतीस. मला वाटलं, तुझी तयारी आहे."

"भीतीने भरत होते हो!" आई म्हणाली. "आणि हे मला प्रिंटरमधून कळायचं होतं?"

मग बाबा म्हणाले, "तू नको म्हणालीस तर लिहितो तसं."

आईने उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली. "नको म्हणून आयुष्यभर तुमचं तोंड बघू? जा. पण पोरीची परीक्षा होईपर्यंत नाही."

"असं अर्जात लिहीत नाहीत."

"एवढं मोठं राज्य वाटलं, एक ओळ मावत नाही?"

दादा हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. बाबा उठून कॉम्प्युटरपाशी गेले. एका बोटाने टाइप करायला त्यांना खूप वेळ लागला. मग म्हणाले, "बघ, वर आलं का."

मी वर जाऊन फाइल पुन्हा उघडली. 'आपत्ति नहीं है'च्या खाली माझ्या परीक्षेची एक नवी ओळ होती. तोवर सगळे माझ्यामागे वर आले. प्रिंटर दोनदा घरघरला आणि कागद बाहेर सरकू लागला. बाबा तो घ्यायला पुढे झाले, पण आईने आधी घेतला. खिडकीजवळ नेऊन ती वरपासून वाचू लागली, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून.

"पुत्री म्हणजे ही. आणि हे कार्यग्रहण?"

"रुजू होणं," मी म्हणाले.

"हेतु?"

"त्यासाठी."

"मराठीत हेतू वेगळा असतो," ती म्हणाली आणि पुढे वाचत राहिली. बाबा सहीसाठी उघडं पेन हातात धरून उभे होते. अजून अर्धं पान बाकी होतं.