फेफऱ्याचं कुत्रं

आमच्या कुत्र्याला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. नावं ठेवायला सगळी आळी होती. सदाशिव पेठेत माणसाचं जरा इकडचं तिकडे झालं तरी समोरच्या ओट्यावरून त्याचा निकाल लागतो, तिथे कुत्र्याची काय कथा.

मी खोगीरं शिवणारा. आत लोकर भरायची, वरून चामडं शिवायचं, आणि ते कुणा सरदाराच्या घोड्याच्या पाठीवर जाऊन मुलूख बघून यायचं. मी मात्र पुण्याबाहेर गेलो तो फार तर मांजरी गावापर्यंत, तिथल्या धनगरांकडून लोकर आणायला. अशाच एका खेपेला धनगरानं गठ्ठ्यावर एक पिल्लू आणून ठेवलं. "घिऊन जा पाव्हणं, राखणीला हाय," म्हणाला. राखायला माझ्या घरात काय होतं देव जाणे. बायकोनं ते बघितलं आणि म्हणाली, "घरात खोगीरं कमी होती म्हणून ही आणखी भरती का?" आणि दुसऱ्या दिवशी आपल्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून त्याला घालत बसली. घरात आम्ही दोघंच होतो. मूलबाळ झालं नाही.

सहा महिन्यांचं झालं तेव्हा एका सकाळी ते भाकरी खाऊन उठलं, चारी पाय ताठ केले आणि आडवं पडलं. तोंडाला फेस, डोळे पांढरे, पाय पडल्या पडल्या धावताहेत. मी चामडं टोचायची आरी हातात धरून नुसता उभा. समोरच्या घरात एक म्हातारे कारकून राहत, सगळं आयुष्य सरकारी फडावर, कचेरीत, दुसऱ्यांच्या ओल्या शब्दांवर वाळू टाकण्यात गेलेलं. ते ओट्यावर उठून उभे राहिले आणि एकच शब्द बोलले, "पिसाळलंय."

आमच्या आळीत घराला आग लागली तर लोक आधी ती कशी लागली याची चर्चा करतात. त्या दिवशी मात्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिघे काठ्या घेऊन दारात आले. बायको उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आधी माझ्या डोक्यात घाला," म्हणाली. तेवढ्यात कुत्रं उठलं, लटपटत तिच्या पायाशी गेलं आणि शेपूट हलवायला लागलं. काठ्या परत गेल्या, पण फार लांब नाही.

मी त्याला टोपलीत घालून पागेत नेलं. तिथले सालोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, माझ्या ओळखीचे. मुसलमान, तीन पिढ्या पुण्यात काढलेल्या, आणि पागेत त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्यांनी डोळे पाहिले, पाय चाचपले, आणि विचारलं, "झटक्यानंतर पाणी पितं?"

"घटाघटा पितं."

"मग पिसाळलेलं नाही. पिसाळलेलं कुत्रं पाणी बघून मागे सरतं. हे फेफरं आहे. माणसाला येतं तसंच."

"बरं कधी होईल?"

"व्हायचं नाही. जगेल तोवर येत राहील. सांभाळणार असाल तर दहा-बारा वर्षं काढेलही." मग रोज सकाळी दुधातून ब्राह्मीचा रस आणि उगाळलेलं वेखंड द्यायला सांगितलं, आणि वर बजावलं, "झटक्यात तोंडाजवळ हात न्यायचा नाही. तेव्हा त्याला तुम्ही कोण, मी कोण, काही कळत नसतं." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

घरी येऊन मी आळीला सांगितलं, फेफरं आहे, पिसाळलेलं नाही. कारकून म्हणाले, "घोड्याच्या वैद्यानं सांगितलं म्हणता? बरं बरं. पण आमची खात्री कशी पटायची? झटका आला की आमच्यासमोर पाणी पाजून दाखवत जा." मी कबूल झालो. मला वाटलं, दोन-चार वेळा बघतील आणि कंटाळतील. पुण्यातला माणूस दुसऱ्याच्या घरात बघायला कंटाळत नसतो, हे मला त्या वयात समजायला हवं होतं.

पुढचं वर्षभर हाच आमचा संसार. चुलीपुढे फळी आडवी लावली. हत्यारं उंचावर टांगली. एकानं तरी कायम घरात राहायचं, म्हणून बायको भाऊबीजेला माहेरी गेली नाही. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा झटका यायचा. बघणारे शहाणे सांगायचे, कांदा फोडून हुंगवा, वहाण हुंगवा. झटका ओसरला की मी त्याला उचलून ओट्यावर आणायचो, मातीच्या परळात पाणी ओतायचो, लोक जमायचे. ते अर्धवट शुद्धीत, मान डुगडुगते आहे, पण लपालपा पाणी प्यायचं. मग लोक हिरमुसून घरी जायचे. मला तर दर वेळी अभिमान वाटायचा, जसं काही मीच परीक्षेला बसलो होतो. बायको मात्र चिडायची. "अहो, एखाद दिवशी नाही प्यायलं तर?" मी म्हणायचो, "पिईल गं."

दसरा जवळ आला. दसऱ्यानंतर स्वाऱ्या निघायच्या, म्हणून सगळ्या पुण्याला खोगीरं त्याच आठवड्यात हवी असतात. घरभर चामड्याचे तुकडे पडलेले. त्यातच कुत्र्याला झटका आला, आणि एवढा मोठा आधी कधी आला नव्हता. त्याच्या दातांत चामड्याची एक पट्टी अडकली होती. मला वाटलं गुदमरून मरतंय. मी पट्टी ओढायला हात घातला आणि त्याचा सुळा माझ्या तळहातात पार रुतला.

मी फडकं गुंडाळलं. बायकोला म्हटलं, बोलू नकोस, आरी लागली म्हणून सांगू. वर्षभर मी सगळ्या आळीला ठासून सांगत होतो, पिसाळलेलं नाही. स्वतःचं रक्त बघितल्यावर मला माझंच खरं वाटेना.

कारकुनांनी हाक मारली, "काय, आज पाणी नाही का?" मी त्याला ओट्यावर आणलं. परळ पुढे केला. त्यानं तोंड खाली नेलं, पाण्याला लावलं आणि मान फिरवली. पुन्हा पुढे केला, पुन्हा फिरवली. बायको वाकून बघत होती. ती म्हणाली, "अहो, पाण्यात रक्त उतरलंय. जीभ चावली गेलीय त्याची. तोंड उघडून बघा ना."

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. पण त्या तोंडाजवळ पुन्हा हात न्यायची माझी छाती होईना.

कारकून म्हणाले, "आम्ही काही म्हणत नाही बुवा. कुत्रं तुमचं. तुम्हीच सांगा." आणि खरंच सगळे थांबले. काठ्या होत्या, पण कुणी पुढे आलं नाही. मी नुसतं "फेफरं आहे" म्हटलं असतं तर त्या दिवशी ते परत गेले असते. आजही मला तसंच वाटतं. मी म्हटलं, "पिसाळलं असेल."

त्यांनी त्याला गळ्यात दोरी घालून आळीच्या टोकाला नेलं. ते शेपूट हलवत गेलं, कारण दोरी घातली की फिरायला न्यायचं असतं एवढंच त्याला माहीत होतं. बायको आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी सालोत्र्यांकडे गेलो. कुत्र्यासाठी नाही, हातासाठी. भीती माझी मला होती. त्यांनी जखम पाहिली, कुत्र्याचं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी हळदीची पुरचुंडी सोडली. मग म्हणाले, "फाटलेल्या जिभेनं तुम्ही पाणी प्याल का?" जखमेला हळद बांधली आणि घोड्याकडे वळले.

हात आठ-दहा दिवसांत भरून आला. मला काही झालं नाही, होणारही नव्हतं. बायकोनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि म्हणूनच तिनं घातल्या नसाव्यात.

हात बांधलेला असतानाच दसरा आला. त्या संध्याकाळी कारकून रस्ता ओलांडून आमच्या ओट्यावर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोनं घ्या. घरचं असून खरं बोललात. हल्ली एवढं धैर्य कुणाकडे असतं?"

आतून बायको ऐकत होती. मी वाकून त्यांना नमस्कार केला.