साहेबांचे चार पक्ष आणि आमचा साकव

तुम्ही चहा पाजता आणि म्हणता, "गोविंदा, साहेबांचं सांग काहीतरी." अहो, खासदाराची गाडी चौदा वर्षं चालवली की किस्से आपोआप साठतात. मागे बसलेला माणूस बोलत सुटतो, ड्रायव्हरला कान असतात हे त्याच्या ध्यानातही नसतं. हसा तुम्ही. मीसुद्धा तेव्हा हसायचो. पण चौदा वर्षांत माझं साहेबांकडे मागणं एकच होतं. ते आधी ऐका.

आमची वाडी सावर्ड्याच्या आत, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. शाळा अलीकडे. मधे पोफळीच्या ओंडक्यांचा साकव. तो आम्ही घालायचा आणि पऱ्याने दर पावसात न्यायचा. एका आषाढात त्यावरून जाताना शेजाऱ्याचा मुलगा पाण्यात पडला. खाली झुडपात अडकला म्हणून वाचला. तेव्हापासून पावसाचे चार महिने वाडीतलं एकही पोर शाळेत जात नाही. माझी शालूसुद्धा नाही. मला पक्का, सिमेंटचा साकव हवा होता. बस.

*

साहेब एकूण चार पक्षांत होते. त्यातला एक बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला.

सकाळी सातला लोट्याला कंपनीच्या गेटवर पहिल्या पाळीपुढे भाषण झालं. विरोधकांची सालं काढली नुसती! मग आम्ही खेडच्या रेस्ट हाउसवर गेलो. तिथे मुंबईहून फोन आला. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "बॉनेटवरचा झेंडा काढ." काढला. दुसरा कुठला लावायचा ते विचारायची सोय नव्हती.

दुपारी तीनला त्याच गेटवर दुसऱ्या पाळीपुढे तेच भाषण. फक्त चोर कोण आणि साव कोण, तेवढं उलट! सुटलेली पहिली पाळी बसमध्ये बसून ऐकत होती. खिडकीतून एकाने विचारलं, "साहेब, तिसऱ्या पाळीला कोण?"

साहेबांनी हसून हात हलवला. त्यांना ती घोषणाच वाटली असावी.

*

रत्नागिरीच्या ऑफिसात पक्षनेत्याची मोठी तसबीर होती. पक्ष बदलला की फ्रेम तीच, फोटो नवा. हे काम माझ्याकडे. तिसऱ्या वेळी मी जुने तिन्ही फोटो काढायला लागलो तर साहेब ओरडले, "काढू नको! राहू देत मागे. परत लागले तर?"

*

आता अर्जांचं सांगतो. दौऱ्यावर लोक अर्ज द्यायचे. साहेब दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि पुढे माझ्याकडे द्यायचे. मी खाकी पिशवीत टाकायचो. बाई-माणसांच्या डोळ्यांत पाणी यायचं. साहेबांनी अर्ज कपाळाला लावला, म्हणजे काम झालंच.

पक्ष बदलला, की ती पिशवी ऑफिसच्या मागे नेऊन रिकामी करायची! पहिल्या वेळी त्या ढिगात मला आमच्या वाडीचा अर्ज दिसला. खाली सगळ्यांचे अंगठे. मी तो घेऊन आत गेलो. साहेबांनी अगदी प्रेमाने समजावलं, "अरे, हा अर्ज त्या पक्षाच्या खासदाराला केलेला. तो खासदार आता आहे कुठे? नवा करायला सांग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी होती, वाडीला निरोप दिला. वाडीने पुन्हा अंगठे उठवले. मग पुन्हा एकदा.

*

पूर्णगडच्या इब्राहिमभाईंनी मात्र उपाय काढला. म्हातारा माणूस, आयुष्य मासेमारीत गेलं. गावाला जेटी हवी म्हणून दर निवडणुकीला अर्ज आणून द्यायचे. शेवटच्या वेळी त्यांनी अर्जात पक्षाच्या नावाची जागा कोरी ठेवली. म्हणाले, "साहेब, ते तुमचं तुम्ही घाला. या वयात मला सारख्या फेऱ्या जमत नाहीत."

साहेब पोट धरून हसले. रत्नागिरी येईपर्यंत हसत होते. पुढच्या चार सभांत हा किस्सा त्यांनी स्वतः सांगितला. जेटी झाली नाही.

*

आता शेवटचा. गणपतीचे दिवस, निवडणूक जवळ आलेली. साहेब सावर्ड्याला दर्शनाला आले होते. मी हात जोडले, म्हटलं, "एकदा डोळ्यांनी बघा." म्हणाले, "चल, तुझंही गाव करून टाकू."

गाडी पऱ्याशी थांबवली. पाणी लालभडक, फुगलेलं. साकव केव्हाच गेलेला. पलीकडे सगळी वाडी उभी. चौघांनी दोर ताणून धरला आणि माझ्या भावाने शालूला खांद्यावर घेऊन पाय टाकला. पाणी त्याच्या छातीला लागत होतं. शालूने हात वर धरला होता, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चौथा अर्ज. तिने स्वतः लिहिलेला.

साहेबांनी तिथेच उघडून वाचला. म्हणाले, "अक्षर सुरेख आहे. कितवीत गं तू?"

"चौथीत," शालू म्हणाली. "तिसऱ्यांदा. पावसात हजेरी भरत नाही."

साहेबांचा चेहरा खरंच उतरला. त्यांनी शालूच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळले.

"गोविंदा, पोरीच्या शिक्षणाकडे जरा लक्ष दे रे. तुम्ही आईबापच असे बेफिकीर राहिलात, तर सरकार तरी काय करणार?"

मी "हो साहेब" म्हटलं आणि गाडीचं दार उघडून धरलं.