चढ चढले, पण टेम्पोत बसून

बायांनो, आज माझं डोकं लई फिरलंय. चुका असतील तर असू द्या, शाळा माझी दुसरीतच सुटली.

मी म्हातारपणी सायकल शिकले, हे तुम्हाला ठावं आहेच. काय मजा येते म्हणून सांगू! आता हर्सूलचा चढ पाय न टेकवता एकदा तरी चढायचा, एवढाच हट्ट. निजामाच्या राज्यात माझे आबा लासूर स्टेशनहून सायकलवर गावोगाव फिरायचे, त्यांना नाय कुणी अडवलं. मला मात्र रोज कुणीतरी आडवं येतंच. "आजी, कुठं सोडू?"

आज चढाच्या माथ्यावरचं लिंबाचं झाड अगदी जवळ आलं होतं. तेवढ्यात टमाट्याचा टेम्पो पुढ्यात थांबला. दाढीवाला ड्रायव्हर उतरला.

"रुको अम्मा! इस उमर में कौन भेजा तुमकू?"

"कुणी नाय बाबा, मी हौसेनं चालवते."

"हौस में कोई इत्ता हाँपता क्या?" म्हणत त्यानं सायकल उचलून क्रेटवर ठेवली सुद्धा.

इतक्या मायेनं बोलत होता, भांडू तरी कसं? लिंबाचं झाड मी टेम्पोच्या काचेतून बघितलं. वरून वळून त्यानं मला थेट घरी आणलं आणि सुनेलाच दटावलं, "अम्मा का खयाल रखो जरा." सून अजून हसतीय.

उद्या परत जाणार, व्हय. पण सायकल न थांबवता अशा भल्या माणसाला नाय कसं म्हणायचं, तेवढं सांगा की!