दानम्माचं कणीस

दानम्माबद्दल विचारायला आलाय, तर माझ्याकडं कशाला आलात? तिच्याबद्दल चांगलं बोलणारी शंभर माणसं गावतील तुमाला सोलापुरात. मी जळत हुते तिच्यावर. आजबी जळते, खोटं कशाला बोलू. पण एक हाय. तिला माझ्याएवढं कुणी बघितलेलं न्हाय. तीन वर्सं माझी नजर तिच्या बोटांवरनं हलली न्हवती. आता मालक गेले, कारखान्याला कुलूप लागलं, म्हणून सगळं सांगते. तवा सांगितलं असतं तर पोटावर पाय आला असता.

शंकरप्पा मालकांचा चादरीचा कारखाना साखर पेठेत हुता. मागावर तेलगू गडी, आन मागावरनं उतरलेला माल साफ करायला आमी बायका. धागं कातरायचं, टोकाच्या दशांना गाठी मारायच्या, घडी घालायची आन कोपऱ्याला लेबल शिवायचं. लेबलाचं काम माझं. अकरा वर्सं माझंच. 'कणीस छाप' चादर म्हणून नाव हुतं, लेबलावर ज्वारीचं कणीस. "बनाबाईच्या हातनं गेल्याबिगर माझी चादर दाराबाहेर जात न्हाय," असं मालक चारचौघांत म्हणायचे. माझी मान कशी ताठ असायची म्हणून सांगू!

बहात्तरचा दुष्काळ सरला आन बाजारात खोट्या कणीस छाप चादरी यायला लागल्या. मोहोळला, वैरागला, कुटं बी बघा. एका धुण्यात रंग जायचा, आन गिऱ्हाईक शिव्या देत आमच्या दारात. मालकांनी सोनेरी काठाचं लेबल छापून आणलं. दोन महिन्यात तसंच सोनेरी काठाचं खोटं लेबल निघालं. मग विणलेलं आणलं, लई खर्चाचं. दिवाळीच्या आत त्याचीबी नक्कल तयार! एक दिवस मालकांनी खरं आन खोटं माझ्यापुढं धरलं. "बनाबाई, ह्यातलं आपलं कुठलं, सांगा बघू." मला सांगता आलं न्हाय. अकरा वर्सं जे हातानं शिवलं ते मला वळखता आलं न्हाय, आन तेबी सगळ्या बायकांदेखत.

दानम्माला तवा आमच्यात येऊन तीनच महिने झाले हुते. अक्कलकोटाच्या पलीकडली, कानडी मुलखातली. नवरा कुर्डुवाडीला हमाली करायचा, आठ दिवसांनी घरी यायचा. उंच, सावळी, बोलणं कमी. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मालक खोलीत आले, तर हिनं भाकरीचं फडकं समोर पसरलेलं. फडक्याच्या कोपऱ्यावर बारीक कशिदा. भाकरीच्या फडक्यावर कशिदा काढणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. मालकांनी ते उचललं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

"ह्याची सुलटी बाजू कुठली गं?"

"दोन्ही सुलट्याच, मालक."

कसुती म्हणतात त्याला. एक टाका घ्यायचा, एक जागा सोडायची, असं पार टोकापतुर जायचं. मग सोडलेल्या जागा भरत जितनं निघालो तितं परत यायचं. गाठ कुटंच न्हाय. पुढनं बघा, मागनं बघा, एकच. मालकांचे डोळे लकाकले. "चादरीच्या कोपऱ्याला असं कणीस काढता येईल?"

"येईल की," म्हणाली.

तितनं माझं वाईट सुरू झालं. लेबलाच्या शेजारी बोटाच्या पेराएवढं पिवळं कणीस. मालकांनी गावोगावच्या दुकानदारांना सांगून टाकलं, लेबल बघू नका, चादर उलटून बघा. मागं गाठ दिसली, धागा तिरका दिसला की समजा खोटी. आन वर म्हणायचे, "अख्ख्या सोलापुरात हे काढणारा एकच हात हाय, आमच्या दानम्माचा." खोट्या चादरीवाल्यांनी बायका बसवल्या, मशिनीवर करून बघितलं. पुढनं कणीस दिसायचं आन मागनं नुसता गुंता. चार महिन्यात त्यांचा बाजार बसला. दानम्माचा नेमबी कडक. आधी चादर उजेडात धरून बघायची. डाग, कच्चा रंग दिसला की बाजूला. त्या चादरीला ना लेबल, ना कणीस. तो डागी माल आमी कामगार स्वस्तात घ्यायचो.

तिला खिडकीजवळची जागा मिळाली. स्टूल मिळालं. तिचा च्या कपबशीत आन आमचा पेल्यात! लेबलबी आता तीच शिवायची, आन मी परत दशांच्या गाठी मारायला. अकरा वर्सांची मी, आन ही काल आलेली! मालक तिच्याशी कानडीत बोलायचे. मी माढ्याकडची, मला कानडीतलं एक अक्षर कळत न्हाय. दोघं हसली की वाटायचं, माझंच चाललंय. तिच्यात खोट काढायला मी लई खपले. उशिरा येती का? न्हाय. धागा चोरती का? न्हाय. कुणाचं वाईट बोलती का? तेबी न्हाय. असलं माणूस शेजारी बसलं की आपण काय करायचं, सांगा!

असंच दोन वर्सं गेली. एकदा तिनं मला बघताना पकडलं. स्टुलावरनं जरा सरकून म्हणाली, "अक्का, बसा की. शिकवते."

"आमच्याकडं चिंध्यांवर रेघोट्या ओढत बसायला बायकांना वेळ नसतो," मी फाडकन म्हणलं.

ती रागवंल, चार शब्द सुनवंल असं वाटलं हुतं. पण ती नुसती हसली आन सुईत धागा घातला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी एक खरी कणीस छाप चादर हुती. सुट्टीच्या दिवशी दार लावून घेतलं आन तिचं कणीस एकेक टाका उसवून बघितलं. मग जुन्या धोतराच्या तुकड्यावर काढायला बसले. जाताना जमायचं, येताना वाकडं व्हायचं. उलटं केलं की पायानं चिरडल्यागत दिसायचं. नवरा म्हणायचा, "अगं, ते फडकं हाय का जखम? किती टाकं घालशील?" त्याला म्हणलं, गप बसा. कारखान्यात गाठी मारता मारता तिच्या सुईवर डोळा ठेवायचे. सहा महिन्यांनी कळलं. परत येताना ती सुई दर वेळी जुन्या टाक्याच्या एकाच अंगानं काढायची, कवा चुकून दुसऱ्या अंगानं न्हाय. एवढंच! आन त्या एवढ्याशानं माझी झोप उडवली हुती.

आणिक दोन महिने लागले. एका दुपारी तुकडा उलटा केला आन तो सुलटाच निघाला. मी उठून टाळ्या पिटल्या. मग मटकन खाली बसले. दाखवायचं कुणाला? मालकांना दाखवलं तर म्हणणार, खोट्यावाल्यांना फितूर झाली. दानम्माला दाखवलं तर तिचीच शिष्यीण ठरणार. जे काम एकाच हाताचं म्हणून विकलं जातं, ते दुसऱ्याला आलं की तो चोरच की!

पण पोटात राहीना. माझ्याकडं एक डागी चादर पडली हुती, लाल, कोपऱ्यात काळा डाग. तिच्यावर घरी उरलेलं जुनं लेबल शिवलं आन शेजारी कणीस काढलं. आयुष्यातलं पहिलं खरं कणीस. तेवढ्यात माझी नणंद मायाक्का मोहोळहून आली. चादर तिच्या मांडीवर टाकली आन म्हणलं, "बघ, हे माझ्या हातचं."

"व्हय? बरं हाय की," म्हणाली आन पिशवीत कोंबली. उलटून बघितलं बी न्हाय मेलीनं.

महिना झाला असंल. मोहोळचे दुकानदार ईश्वरप्पा सकाळच्या मोटारीनं आले ते थेट आमच्या खोलीत. मागनं मालक. ईश्वरप्पांनी एक लाल चादर सतरंजीवर आपटली. "एका धुण्यात अख्खं धुणं लाल केलंय हिनं! गिऱ्हाईक म्हणतंय, पाहुण्यांनी दिली. मी उलटून बघितलं, कणीस तुमचं, म्हणून गुमान नवी चादर दिली. शंकरप्पा, कणीस खरं आन चादर खोटी? मग मी लोकांना काय उलटून दाखवू?"

कोपऱ्यातला काळा डाग बघितला. मायाक्काला दिलेली चादर!

मालकांनी दानम्माला पुढं बोलावलं. त्या दिवशी ते तिच्याशी मराठीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "हे तुझं का?"

ती चादर घेऊन खिडकीशी गेली. नखानं टाकं मोजलं. उलटं केलं, परत मोजलं. "कणीस माझंच दिसतंय, मालक. पण डागी चादरीवर मी कवाच काढलेलं न्हाय."

"दोन्ही खरं कसं असंल?"

ती परत टाकं मोजायला लागली.

"अशा किती गेल्या? कुणाला देतीस?"

तिनं चादर खाली ठेवली. "कुणालाच न्हाय. माझा शब्द हाय."

आता तुमी म्हणाल, मला दया आली असंल. कसली दया! मला गुदगुल्या झाल्या. तिनं नखानं मोजलं आन तिला वळखता आलं न्हाय! माझं कणीस तिच्या कणसाच्या तोडीचं हाय, हे तिच्याच तोंडानं निघालं. आन आता तिचं स्टूल बी जाणार हुतं. मी नुसतं गप्प बसायचं हुतं. बसलेबी असते. पण मालक म्हणाले, "शब्द घेऊन काय करू? असं काम दुसऱ्या कुणाच्या बापाला जमणार हाय का? हात तुझाच."

झालं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. आठ महिने मी डोळे फोडले, बोटांची चाळण केली, आन त्याचं नाव बी हिचंच? लबाडी माझी, तीबी हिच्याच नावावर?

"ते माझं हाय!" मी वरडले.

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मालक मवाळ आवाजात म्हणाले, "बनाबाई, तुमचं मन मोठं हाय. पण हिला वाचवायला खोटं बोलू नका."

"वाचवायला? हिला? मी?" मला तर हसावं का रडावं कळंना. "सुई आणा हिकडं!"

दानम्माच्या स्टुलावर बसले आन एका चिंधीवर कणीस काढलं. सगळी भोवतीनं उभी हुती. टोकापतुर गेले, जितनं निघाले तितं परत आले, धागा तोडला आन ईश्वरप्पांच्या अंगावर फेकलं. त्यांनी दानम्माचं एक कणीस शेजारी धरलं, उलटलं, सुलटलं, आन शेवटी कुठलं कुठल्या हातात हाय तेच विसरले.

मालक मला काय काय बोलले ते सांगत न्हाय. चोर म्हणले, घरभेदी म्हणले. त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं न्हाय, कारण दानम्मानं माझं कणीस हातात घेतलं हुतं. लई वेळ बघितलं तिनं.

"अक्का, सुबक हाय," म्हणाली. मनापासनं म्हणाली. त्यासाठी तर मी एवढं केलं हुतं, पण ऐकून बरं वाटलं न्हाय.

मग तिनं सुई मालकांपुढं ठेवली. "साकु, मालक. पुरे झालं. मला माझं काम वळखता आलं न्हाय, ती माझी चूक. पण तुमाला माझा शब्द वळखता आला न्हाय."

भाकरीचं फडकं उचललं आन गेली. मालकांनी दोनदा माणूस धाडला, आली न्हाय. कुर्डुवाडीला नवऱ्याकडं राहिली, तितं शेंगा फोडायच्या कामाला जायची म्हणे. तिनं परत कुणासाठी कणीस काढलं न्हाय.

मला मालक हाकलूनच देणार हुते. पण गड्ड्याची जत्रा महिन्यावर आलेली, आठशे चादरी बिनकणसाच्या पडलेल्या, आन सोलापुरात खरंच आता एकच हात उरला हुता. माझा! दुसऱ्या दिवशी मला खिडकीत बसवलं. "तोंड शिवून बसायचं," मालक म्हणाले. "बाहेर दानम्माच काढती असं मी सांगणार. दुसरा हात हाय कळलं की उद्या वीस हात निघतील, मग ह्या कणसाला कोण विचारतंय?" बायकांना बी तंबी दिली. ईश्वरप्पांनाबी गप्प राहणंच परवडत हुतं.

स्टूल मिळालं. कपबशी मिळाली. जे जे डोळ्यात खुपत हुतं ते सगळं माझं झालं. जत्रेत मालकांनी दुकान मांडलं, मला घड्या घालायला बसवलं. वैरागची एक बाई आली, लेकीच्या लग्नाची चादर घ्यायला. तिनं घडी मोडली, कोपरा उन्हात धरला, उलटा केला, कणसावर नख फिरवलं. ते मी आदल्याच दिवशी काढलेलं. बोटाला सुई टोचली हुती, ती जागा अजून ठणकत हुती.

"असं काम दुसऱ्या कुणाचं निघत न्हाय," बाई म्हणाली. "दानम्माचंच हाय की हो हे?"

माझ्या अगदी जिभेवर आलं हुतं. पण माझं हाय म्हणलं असतं, तर त्या बाईनं ती चादर खोटी म्हणून तितंच टाकली असती.

"व्हय," मी म्हणलं, "दानम्माचंच." आन घडी घालून दिली.