लिफ्टवाल्याचं प्रमेय

ऑफिसात त्याला सगळे 'वरखाली' म्हणायचे. बावीस वर्षं त्याने लिफ्ट चालवली. हाताने ओढायचा लोखंडी जाळीचा दरवाजा, एक स्टूल आणि समोर माणसांच्या पाठी. "काय वरखाली, आज कुठे दौरा?" असं मीही चिडवायचो. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

दहावी झालेल्याला पंचेचाळिशीच्या आत कारकून करता येतं, असा नियम होता. वरखाली चव्वेचाळीसचा. बाकीचे विषय सुटले होते, भूमितीने मात्र तीनदा दांडी उडवली होती. ही शेवटची संधी. त्याला फक्त एक टेबल हवं होतं, एका जागी राहणारं. "साहेब, या पेटीत जीव गुदमरतो हो," तो मला एकदा म्हणाला होता.

शिकवायला नववीतली लेक. शाळा सुटली की वही घेऊन ती लिफ्टमध्येच उभी राहायची. गाडी अडायची एकाच प्रमेयावर: संमुख बाजू समान असतील तर चौकोन समांतरभुज असतो. हा पठ्ठ्या झकास आकृती काढायचा आणि पहिल्याच ओळीत लिहायचा, 'बाजू समांतर आहेत.'

"बाबा, तेच तर सिद्ध करायचंय! तेच धरून कसं चालता?"

"अगं, दिसतंय ना डोळ्यांना!"

"दिसण्याला मार्क नाहीत."

एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत आम्ही तिघंच. लेकीने केसांची रिबीन सोडली आणि दरवाजाच्या जाळीतल्या एका चौकोनात तिरकी ताणून बांधली. "आता बोला."

"समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या. रिबीन दोन्हीकडची. म्हणजे त्रिकोण एकरूप. म्हणून व्युत्क्रम कोन समान. म्हणून..." तो थांबला. मग "म्हणून समांतर!" असा ओरडला, की वर उभे असलेले लोक दचकले.

वरखाली पास झाला. मोठ्या साहेबांनी बोलावून कारकुनाचा कागद हातात ठेवला. खाली एक ओळ होती: दुसरा माणूस मिळेपर्यंत काम पूर्वीप्रमाणेच.

"तुझ्याशिवाय लिफ्ट कोण सांभाळणार?" साहेब अगदी मायेने म्हणाले. दुसरा माणूस कोणी शोधतच नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही.

दुपारी लेक धावतच आली. "बाबा, टेबल कितव्या मजल्यावर?"

"सगळ्याच," तो म्हणाला. हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं.